लक्ष्मी विलास पॅलेस, बडोदा: दरबार हॉलची जमीन आणि रंगीत काचा

वाडेवाचक: दरबार हॉलच्या जमिनीला व्हेनिशियन मोझेक म्हणतात. सिमेंटच्या मोझेकमध्ये ठरावीक अंतरावर पट्टी घातली नाही तर तडे जातात. मग व्हेनिसवाले एवढा पसारा अखंड कसा करायचे? आणि बांधकामाचा हिशेब चुकला या धास्तीने राजवाड्याचा वास्तुविशारद मेजर मँटने जीव दिला, हे खरं का?

चुनाभट्टी: सगळा फरक चुन्याचा. व्हेनिसच्या जुन्या पद्धतीत सिमेंट नसतंच. खाली चुना आणि विटांच्या चुऱ्याचा दहा-बारा सें.मी. थर ठोकून बसवतात. त्यावर चुना आणि बारीक सुरकीचा (विटांच्या पुडीचा) दोन-तीन सें.मी. थर. तो ओला असतानाच संगमरवराचे तुकडे पेरायचे आणि जड रूळ फिरवायचा. मग मात्र थांबायचं. चुना हळूहळू धरतो. घाई केली की घासताना तुकडे उपटून येतात. पाणी टाकत दगडाने घासून, जमीन पुरती सुकली की जवसाचं तेल जिरवायचं. चुना सिमेंटपेक्षा मऊ, त्यामुळे खालची थोडी हालचाल तो पोटात घेतो. बारीक चीर गेलीच, तर चुन्याने भरून पुन्हा घोटता येते.

अशा जमिनीवर अ‍ॅसिड कधीही नको! फेस आला म्हणजे डाग नव्हे, चुना आणि संगमरवरच विरघळतोय. सांडलेलं लिंबूपाणीसुद्धा लगेच पुसावं, नाहीतर तेवढ्या जागेची चकाकी जाते.

शिसपट्टी: तिथल्या बेल्जियन काचाही निरखून बघा. रंगीत तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवलेले असतात, फटीत लांबी (पुट्टी) भरलेली. शिसं उन्हाने काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि स्वतःच्या वजनाने सावकाश बसत जातं. लांबी वाळून गळली की तावदानाला पोट येतं. म्हणून मागे आडवी लोखंडी सळई असते आणि तावदान तिला तांब्याच्या तारेने बांधलेलं असतं. बहुतेकदा पहिली तुटते ती तारच. पोट आलेलं तावदान जागेवर दाबून सरळ करू नका, काच तडकते. आधी कागद ठेवून पट्ट्यांचा ठसा घ्यायचा, मग तावदान उतरवून आडवं ठेवून काम करायचं.

चुनाभट्टी: मँटचं राहिलं. तो 1881 मध्ये वारला. महाराजा सयाजीराव तिसरे यांचा हा राजवाडा रॉबर्ट चिझमने 1890 मध्ये पुरा केला. हिशेबाची गोष्ट गाइडांच्या तोंडची आहे, पुरावा म्हणून मांडू नये. कोल्हापूरचा न्यू पॅलेसही मँटचाच. तिथल्या दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. वर सांगितलेल्या सळया तिथेही शोधा. उजेडाकडे तोंड करून पाहिलं की चित्राआड आडव्या काळ्या रेघा दिसतात.