‘दीवार’ तुमच्या मनात कुठे रुतलाय? अनुभव लिहा

जानेवारी १९७५ मध्ये ‘दीवार’ आला, त्याला पन्नास वर्षं उलटली. मी तो पहिल्यांदा पाहिला चाळीत, शेजारच्यांच्या टीव्हीवर, दारात उभं राहून. आत पाय ठेवायला जागा नव्हती. अमिताभ गोदामाला आतून कुलूप लावतो आणि किल्ली गुंड पीटरकडे फेकतो, तेव्हा मागच्या कुणीतरी माझा खांदा असा आवळला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. ठोसे नंतर बसतात. त्याआधी पाय पसरून, कसलीही घाई नसल्यासारखा बसलेला तो माणूस, तीच खरी मारामारी. तुम्हाला काय आठवतं? अमिताभ, शशी, कुणाबद्दलही लिहा, पण सविस्तर लिहा.

*

वडील गोदीत हमाल होते, म्हणून लिहितोय. सिनेमात अमिताभच्या खांद्यावर दोरी, कमरेशी गाठ मारलेला निळा शर्ट. आम्हा पोरांना ती फॅशन वाटायची. शर्ट शिवताना लांब झाला म्हणून गाठ मारली, हे पुढे अमिताभनेच सांगितलं. वडिलांचं लक्ष तिकडे नसायचंच. हप्तेवसुलीचा प्रसंग आला की ते मान खाली घालायचे. ‘असंच असतं’, एवढंच बोलायचे. त्यांचाही पितळी बिल्ला होता, रविवारी चिंचेने घासायचे. खिशातला ७८६ नंबरचा बिल्ला गोळी अडवतो आणि विजय, म्हणजे अमिताभ, वाचतो तेव्हा थिएटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला. वडिलांचा हात आपसूक खिशावर गेला होता.

*

आमच्या घरात सगळे विजयचे, मी एकटी त्याच्या धाकट्या पोलीस भावाची, शशीच्या रवीची. पाव चोरून पळणाऱ्या पोराच्या पायावर तो गोळी झाडतो आणि मग खायला घेऊन त्याच्या घरी जातो. पोराची आई त्याला फाडफाड बोलते. बाप, म्हणजे ए. के. हंगल, निवृत्त मास्तर. चोरी पावाची असली तरी चोरीच, असं तो शांतपणे सांगतो. माझे वडील खेड्यात मास्तर होते. उसन्या पिठावर आम्ही दिवस काढलेत, आणि शेजारच्या परसातला पेरू न विचारता तोडला म्हणून मी मारही खाल्लाय. तो प्रसंग मी आजही कुणाबरोबर बघत नाही. शशी तिथे जवळजवळ काहीच करत नाही, नुसता ऐकून घेतो. त्याला या भूमिकेसाठी सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं, ते अगदी योग्य. वयाने तो अमिताभपेक्षा चार वर्षांनी मोठा आणि सिनेमात धाकटा, पण एकदाही खटकत नाही.

*

लहानपणीच्या विजयला विसरू नका! अलंकार जोशी, पल्लवी जोशीचा भाऊ. बुटपॉलिशचे फेकलेले पैसे उचलायला नकार देतानाची ती नजर. अमिताभचं अर्धं काम त्या पोराने आधीच करून ठेवलंय.

*

माझ्या आईने बांधकामावर घमेली वाहिली. विजय जी इमारत आईसाठी विकत घेतो, तिच्या विटा तिनेच वाहिलेल्या असतात. सिनेमातली आई, निरुपा रॉय, ते ऐकते तेव्हा माझी आई पदर तोंडाला लावते. आजही बसमधून जाताना ती एका इमारतीकडे बोट दाखवते, ‘हिचा चौथा मजला माझा.’

*

गोदीवाले दादा, तो बिल्ला आहे का अजून?

*

आहे. वडिलांच्या चष्म्याच्या डबीत. घासून घासून नंबर पुसट झालाय, पहिले दोनच आकडे लागतात.