अलिट्या रिग्नी यांचे भाषाकार्य
अलिट्या रिग्नी यांचा उल्लेख अनेकदा ऑस्ट्रेलियातील पहिल्या आदिवासी महिला मुख्याध्यापक एवढाच येतो. परंतु दक्षिण ऑस्ट्रेलियातील या शिक्षिकेचे मला अधिक मोलाचे वाटणारे काम भाषेचे आहे. ॲडलेड परिसरातील गार्ना ही आदिवासी भाषा बोलणारी शेवटची ज्ञात व्यक्ती, इव्हारिट्जी, १९२९ मध्ये निवर्तली. तरीही १८४० साली जर्मन मिशनऱ्यांनी छापलेल्या व्याकरणाच्या आणि शब्दसंग्रहाच्या आधारे (मिशनऱ्यांच्या दप्तराचा असाही उपयोग!) ती भाषा रिग्नी यांच्या गार्ना प्लेन्स शाळेतील मुलांना पुन्हा शिकवली जाऊ लागली. पुढे २००२ मध्ये स्थापन झालेल्या ‘गार्ना वारा पिंट्यांडी’ या गार्ना भाषेसाठी काम करणाऱ्या गटाच्या संस्थापकांमध्येही त्या होत्या.