मिझोरमचे यश एका हंगामाचे नव्हते

मिझोरमच्या ऐझॉल एफसी या फुटबॉल क्लबने २०१७ मध्ये आय-लीग ही तेव्हाची देशातील अव्वल साखळी स्पर्धा जिंकली, तो निव्वळ योगायोग होता असे म्हटले जाते; ते मत मला पटत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम अकरा लाख लोकवस्तीच्या या डोंगराळ राज्यात मैदानापुरती सपाट जागा मिळणेही कठीण. तरीही २०१२ मध्ये मिझोरम प्रीमियर लीग सुरू झाली, झोनेट या स्थानिक केबल वाहिनीने तिला पाठबळ देऊन सामने घराघरांत पोहोचवले, आणि आपल्याच वस्तीतली मुले पडद्यावर दिसू लागल्यावर फुटबॉलकडे पाहण्याची पालकांची दृष्टीही बदलली. त्याआधी मिझो फुटबॉलपटू शायलो मालसॉमत्लुआंगा यांनी कोलकात्यात ईस्ट बंगाल क्लबकडून खेळून वाट दाखवली होतीच. शिवाय रेल्वेच्या संघाला ३-० असे हरवून मिझोरमने राज्यांच्या संघांमधला संतोष करंडक जिंकला तो २०१४ मध्ये, म्हणजे ऐझॉलच्या विजेतेपदाच्या तीन वर्षे आधी. मुंबई एफसी अनेक वर्षे सांभाळलेले प्रशिक्षक खालिद जमील आणि आपला मुंबईकर खेळाडू जयेश राणे त्या विजेत्या संघात होते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. मात्र त्या संघाचा कणा स्थानिक मिझो मुलांचाच होता.