देवघरातली ताटली आणि बसऱ्याला गेलेले खापरपणजोबा, शोध कुठून सुरू करू?

कृष्णाकाठची_पोर

नमस्कार मंडळी, लई दिवस नुसती वाचतेय इथं, आज पहिल्यांदा लिहितेय. आमचं गाव इस्लामपूरच्या आत, वाळवा तालुका, मी सध्या नोकरीला पुण्यात. वडिलांचे आजोबा नाही, पणजोबा, म्हणजे माझे खापरपणजोबा... थांबा, बाप, आजा, पणजा आणि त्याच्या वरचा तो खापरपणजा, बरोबर ना? तर ते पहिल्या महायुद्धात पलटणीत होते आणि "बसऱ्याच्या लढाईला" (बसरा म्हणजे तिकडं इराकात) गेले ते परत आलेच नाहीत. घरात एवढंच माहिती.

पण भावकीत गोष्ट वेगळी सांगतात. तिकडं म्हणे त्यांनी एका अरबी बाईशी लग्न लावलं आणि तिथंच राहिले. लहानपणी यात्रेला सगळे जमले की कुणी ना कुणी हा विषय काढायचाच आणि हसायचे, माझ्या पप्पांना फार राग यायचा. त्यात माझी आज्जी (वय ८२) सांगते की तिनं लग्न होऊन आल्यावर त्यांच्या बायकोला, म्हणजे तिच्या आजेसासूला बघितलंय आणि त्या म्हातारीच्या कपाळाला शेवटपर्यंत कुंकू होतं. भावकी म्हणते बघा, नवरा जिवंत होता म्हणूनच ना.

घरात कागद असा एकच, एक फाटका लिफाफा, त्यावर गावाचं नाव आणि खाली सातारा. म्हणून मी मागच्या महिन्यात रजा काढून साताऱ्याला गेले, तिथं म्हणाले हे गाव आमच्याकडं नाही. एक दिवस गेला आणि वर कंदी पेढे घेऊन परत.

अजून एक, याचा संबंध आहे की नाही माहिती नाही. आमच्या देवघरात एक गोल जड ताटली आहे, पितळ का कासं ते कळत नाही, हाताच्या पंजाएवढी. त्यावर उभी देवी, हातात त्रिशूळ, बाजूला सिंह. अंबाबाई म्हणूनच पुजतो आम्ही, नवरात्रात घटाजवळ असते. परवा फोटो काढताना झूम केलं तर कडेनं इंग्रजी अक्षरं दिसली. चिंच लावून घासून घासून सगळी पुसट झालीत. अंबाबाईच्या टाकावर इंग्रजी कसं काय? कुणाला काही माहिती असेल तर सांगा.

दुष्काळी_माणूस

दाखल्यासाठी काढताय का ताई? म्हणजे कुणबी नोंद वगैरे? तसं असेल तर रस्ता वेगळा आहे, शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा आणि कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीची जुनी वही) आधी बघा.

कृष्णाकाठची_पोर

नाही ओ दादा, दाखल्यासाठी नाही. फक्त माणसाचं काय झालं ते कळावं म्हणून.

फौजी_काका

पोरी, ती ताटली आधी चिंचेनं घासायची बंद करा. पितांबरी पण नको.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालोय, आता साताऱ्यातच असतो. तू लिहिलंस ती अंबाबाई नाही, ती ब्रिटानिया. इंग्रजांची देवी म्हण पाहिजे तर. त्रिशूळ तिचाच, सिंह पण तिचाच, दुसऱ्या हातात हार असेल बघ, आणि हाराच्या खाली एक चौकट. दोन बाजूंना मासे दिसतात का, डॉल्फिन आहेत ते. पहिल्या महायुद्धात जो मेला त्याच्या घरी सरकारनं ही ब्राँझची ताटली पाठवली, साधारण १२ सेंटिमीटरची, १३ लाखांच्या वर वाटल्यात अशा. गोऱ्यांच्या घरात गेल्या तशा आपल्या शिपायांच्या घरात पण आल्या. कडेनं इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी ते विचारू नको.

मुद्द्याची गोष्ट म्हणजे ही ताटली जिवंत माणसाच्या घरी येत नाही. पळून गेलेल्याच्या तर नाहीच नाही. म्हणजे भावकीच्या गप्पा गेल्या वाऱ्यावर.

चौकटीत नाव असतं, नुसतं नाव, हुद्दा नाही नंबर नाही पलटण नाही, कारण मेल्यावर सगळे सारखे असा त्यांचा हिशोब होता. अक्षरं उठावाची असतात, म्हणून पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा, डोळ्यांना दिसत नाही ते कागदावर उमटतं. नाहीतर रात्री लाईट बंद करून मोबाईलची बॅटरी बाजूनं तिरकी धरून फोटो काढ.

पलटण कळायला मेडल पाहिजे. घरात ट्रंकेत, उतरंडीच्या गाडग्यात, कुठं चांदीचं किंवा पिवळं पंखवाल्या बाईचं मेडल आहे का बघ. मेडलच्या जाडीवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पण चांदीचं असेल तर बहुतेक मोडीत गेलं असणार, आमच्याकडं पण तेच झालं. दुष्काळात मेडल कोण बघत बसतंय.

गावठी_इतिहासकार

काकांनी मस्त सांगितलं. मी भर घालतो, लाहोरच्या म्युझियममध्ये पहिल्या महायुद्धातल्या शिपायांची गाववार रजिस्टरं सापडलीत आणि ती ऑनलाइन टाकलीत, ३ लाखांच्या वर नावं आहेत, तिथं शोधा.

फौजी_काका

अहो ती पंजाबची रजिस्टरं. आपल्याकडच्या गावांचा तिथं काय संबंध. पोरीला उगाच भटकवू नका.

त्यापेक्षा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साईट आहे, फुकट आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि थडगं नसलेल्यांचं बसरा मेमोरियल आहे, ४० हजारांच्या वर माणसं. तिथल्या भिंतीवर आपल्या साध्या शिपायांची नावं कोरली नाहीत, नुसते पलटणीवार आकडे, नावं फक्त अधिकाऱ्यांची. पण साईटवर शिपायांची नावं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा पण दिलाय. स्पेलिंगचा मात्र आनंद आहे. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं, पवारचं पोवार करून बघ, जाधवचं जाधो करून बघ, आणि नाव सापडेना तर नुसता वाळवा टाकून बघ.

पलटण बहुतेक १०३, ११० किंवा ११७ यातली निघेल. या तिन्ही मराठा पलटणी ६ व्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून वेढा, खायला घोडे कापले, २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. तेरा-एक हजार माणूस कैद झालं. पुढं वाळवंटातून चालवत नेलं, आपल्या बऱ्याच पोरांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर लावलं. त्यातून किती परत आले ते विचारू नको. आमच्या गावातून पण दोघं गेले होते, एक आला, तो आयुष्यभर जेवताना ताटात घास शिल्लक ठेवू द्यायचा नाही कुणाला.

सातबारा_उतारा

महसूल खात्यात ३१ वर्षं काढलीत म्हणून सांगतो. ताई, तुमची साताऱ्याची चक्कर वाया गेली त्याचं कारण सोपं आहे. तुमचा वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता, लिफाफा खोटं बोलत नाही. १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला त्यात वाळवा, तासगाव, खानापूर वगैरे गेले आणि १९६० ला त्याचंच नाव सांगली ठेवलं. म्हणजे जुन्या कागदावर जिल्हा सातारा, आणि कागद मात्र आता सांगलीच्या हद्दीत. लोक इथंच फसतात. मिरज, सांगली, जत, औंध या भागातल्यांचं अजून अवघड कारण ती संस्थानं होती, त्यांची दप्तरं वेगळी.

आता मरणाची नोंद गावच्या कोतवाल बुकात शोधू नका, म्हणजे गाव नमुना १४. माणूस गावात मेला तरच तिथं नोंद, बसऱ्यात मेलेल्याची कोतवाल कशाला करील. त्यांच्या बायकोची मात्र नक्की सापडेल.

तुम्ही फेरफार शोधा, म्हणजे जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेल्याची नोंद. १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदणी सुरू झाली, त्यामुळं १९१५-२० च्या सुमाराचे फेरफार बऱ्याच गावात मिळतात. शिपाई मेला की त्याच्या नावची जमीन वारसाला लावायलाच लागते, त्याशिवाय शेतसारा कुणाकडून वसूल करणार. मुलगा लहान असेल तर पुढं लिहिलेलं असेल "अज्ञान, अ.पा.क. आई", म्हणजे अज्ञान पालनकर्ती. ते "अ.पा.क." पुढच्या बऱ्याच उताऱ्यांवर तसंच राहतं, पोरगं म्हातारं झालं तरी कुणी कमी करायला जात नाही. एकत्र कुटुंब असेल तर ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून थोरल्या भावाचं नाव लागलेलं असायचं, तेव्हा ते पण बघा.

आजच्या गट नंबरवरून मागं जाता येणार नाही. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर गेले आणि गट आले, म्हणून आधी एकत्रीकरणाचा उतारा काढून जुना सर्व्हे नंबर मिळवा, मग तहसीलच्या रेकॉर्ड रूमला नकलेचा अर्ज द्या, कोर्ट फी स्टॅम्प लावून. "आपले अभिलेख" साईटवर तुमच्या गावचं स्कॅनिंग चढलंय का ते पण एकदा बघून घ्या, असेल तर हेलपाटा वाचेल. आणि गावात भाऊसाहेबांना (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं बरं का, तलाठी नाही) गोड बोलून विचारा. जुने कागद मोडी लिपीत असणार एवढं लक्षात ठेवा.

दुष्काळी_माणूस

हेळव्यांना कसं काय कुणी आठवलं नाही? बेळगावकडनं बैलावर बसून येतात बघा, सुगी झाली की, पोथीत सगळ्या घराण्याची वंशावळ असती त्यांच्याकडं. आमच्याकडं आले की आजा सूप भरून ज्वारी द्यायचा आणि तो घडाघडा सात-आठ पिढ्या म्हणून दाखवायचा, कोण कुठनं आलं, कुणाला किती पोरं, कोण निपुत्रिक गेला. तुमच्या गावाला कोणता हेळवी लागतो ते म्हाताऱ्या माणसांना विचारा, घराणी वाटून घेतलेली असतात त्यांनी. सरकारी कागदात नसतं ते हेळव्याच्या वहीत असतं कधी कधी.

कृष्णाकाठची_पोर

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी, ऑफिसचं काम आणि मग गावाला जाणं झालं.

पहिल्यांदा ताटली. पेन्सिल घासली आणि काका खरं सांगते अंगावर काटा आला, चौकटीत आमचं आडनाव आलं. नावाची पहिली दोन अक्षरं गेलीत पण बाकी जुळतं. पप्पा काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन गोठ्यात उभे राहिले बराच वेळ.

साईटवर नुसतं आडनाव टाकून काही मिळालं नाही, मग वाळवा टाकलं आणि एकेक करून बघितलं दोन रात्री. एकाच नावाचे दोघं आहेत. एकाचं गाव लिहिलंच नाही. दुसऱ्याचं गाव जे लिहिलंय ते वाचून आधी हसू आलं, आमच्या गावाचं नाव इतकं वाकडं करता येतं हे माहिती नव्हतं, पण पुढं वाळवा आणि सातारा आहे. पलटण ११०. वर्ष १९१६, शरणागतीच्या नंतरची तारीख. म्हणजे कैदेत गेले असतील असं धरून चाललेय, काकांनी लिहिलं तसं.

आज्जीला सांगायला भीती वाटत होती. ताटली तिच्यासमोर ठेवून सगळं सांगितलं, ही देवी नाही, ही इंग्रजांची बाई, मेल्याची निशाणी म्हणून आली. आज्जीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजेसासूबाईंना ठाऊक होतं की. गेल्याची वर्दी आलेली. सासरा तिचं कुंकू पुसाय निघाला तर म्हणली मी माझ्या डोळ्यानं बघितलं न्हाय, मी पुसणार न्हाय." आणि ताटली देवघरात त्या आजेसासूबाईंनीच ठेवली होती. हे आज्जीला एवढी वर्षं माहिती होतं आणि आम्हाला कधी सांगितलं नाही, का तर म्हणे तुम्ही कुणी विचारलंच नाही. भावकी तोंडावर हसत होती तेव्हा पण नाही बोलली. मी चिडले तिच्यावर थोडी, खरं सांगायचं तर.

ताटली परत देवघरातच आहे. चिंच मात्र बंद, नुसत्या ओल्या फडक्यानं पुसायची असं ठरलं, आज्जीला ते पटलेलं नाही.

आता फेरफार. भाऊसाहेबांनी जुना सर्व्हे नंबर काढून दिला, बरा माणूस निघाला, आणि नक्कल मिळाली पण चार ओळी मोडीत आहेत. कोपऱ्यात आकडे दिसतात तेवढेच मला कळतात. हेळव्याचा शोध चालू आहे, आमच्या गावचा गोकाककडचा होता म्हणतात पण दहा-बारा वर्षांत आलेला नाही. मोडी वाचणारं कुणी आहे का इथं?

मोडीवाला

आहे. फोटो टाका, पण कागद सपाट करून, उजेडात, आणि पूर्ण पान टाका, नुसत्या चार ओळी कापून नको. वरचं कलम आणि खालची सही बघितल्याशिवाय महसुली मोडी लागत नाही.

कृष्णाकाठची_पोर

टाकलाय दादा. मधली घडी पडलेली आहे तिथं शाई उडालीय.

मोडीवाला

बघितला. घडीवरचं नंतर सांगतो, भिंग घेऊन बसावं लागेल. पण दुसरी ओळ स्वच्छ आहे: "सदरहू इसम लष्करात नोकरीस असता मयत. वारस मुलगा अज्ञान वर्षे २, पालनकर्ती आई." आणि त्याच्या खाली अंगठा आहे, डाव्या हाताचा, निशाणी म्हणून शेजारी त्या बाईंचं नाव लिहिलंय. तुम्हाला त्यांचं नाव माहिती आहे का? इथं स्पष्ट लागतंय.

कृष्णाकाठची_पोर

नाही माहिती. घरात सगळे त्यांना थोरली आईच म्हणायचे. सांगा ना.