‘छपरी’ म्हणजे नक्की कोण?

पडवीवाला: काल आठवीतल्या भाच्याने रस्त्यावरच्या एका मुलाला ‘छपरी’ म्हटलं. त्या पोराचा गुन्हा काय, तर केस पिवळे आणि गाडीचा सायलेन्सर फाटक्या आवाजाचा. आमच्या लेखी छपरी म्हणजे पडवीवरचं लहान छप्पर, फार तर आजोबांचा छपरी पलंग. माझं मत : कुठल्यातरी छपराखाली दिवसभर टवाळक्या करत बसतो तो छपरी. यात उगाच जात शोधू नये.

काळीमाती: शोधायला कशाला हवी, सरकारी यादीतच आहे. महाराष्ट्रातल्या १४ विमुक्त जातींत, म्हणजे इंग्रजांनी कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या आणि पुढे त्यातून मोकळ्या झालेल्या जातींत, छप्परबंद आहेत. इंग्रजांच्या दप्तरात हा समाज खोटी नाणी पाडणारा म्हणून नोंदवलेला. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण गावकीच्या आणि पोलिसांच्या डोक्यातून गेला का?

शंकेखोर: इतिहास बरोबर, व्युत्पत्ती ओढूनताणून. छप्परबंदमधला ‘बंद’ गेला कुठे? छप्परला ई लावली की छपरी, तशी ती पलंगाला लागलीच आहे. आणि शिवी देणाऱ्या पोरांपैकी एकाने तरी छप्परबंद हे नाव ऐकलंय का? टिनपाट म्हणताना कोणी टिनाचं भांडं डोळ्यांसमोर आणत नाही.

उंबरठा: मग ‘भामटा’ घ्या. त्याच यादीत भामटा आहे, राजपूत भामटा आहे, उचलेही आहेत. ‘भामट्याने वृद्धेला गंडवले’ हे पेपरात सर्रास येतं. छापणाऱ्याच्या मनातही जात नसते हो. कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर क्लार्कने माझा जातीचा दाखला मोठ्याने वाचला, तेव्हा मागची दोन पोरं खाकरली आणि एकाने पाकीट चाचपलं. त्यांनाही १८७१ ठाऊक नव्हतं.

शंकेखोर: वाईट वाटलं वाचून. भामटा मी लिहिणं सोडतो. छपरीबद्दल मात्र माझं मत तेच.

काळीमाती: राहू दे. पण बंगल्यातल्या मुलाने केस रंगवले तर ती फॅशन आणि वस्तीतल्याने रंगवले तर छपरी, हे कुठल्या व्याकरणात बसतं? जात नसेल तर पत्र्याचं घर तरी त्या शब्दात आहेच ना? छप्पर म्हणजे स्लॅब नव्हे.

पडवीवाला: आत्ताच भाच्याला हेच विचारलं. आमच्या सोसायटीतही एक पिवळ्या केसांचा आहे, तो छपरी का? म्हणाला, “नाही मामा, तो आपल्यातला आहे.” मी ‘उगाच जात शोधू नये’ हे वाक्य मागे घेतो. छपराचं घेत नाही.

घोरपडे_गल्ली: तुमचं चालू द्या. तो छपरी पलंग सागवानी आहे का? विकायचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.