उपरोध आणि टोमणा एकच नव्हे

कुणीतरी म्हटलंय की उपरोध म्हणजे शुद्ध मराठीतला टोमणा. थोडं असहमत. 'लेकी बोले सुने लागे' हा टोमणा: बोलायचं एकीला, लागायचं दुसरीला. तिथे निशाणा तिरका असतो, शब्दांचा अर्थ सरळच राहतो. उपरोधात माणूस समोरच असतो, अर्थ मात्र उलटा होतो. 'दिवे लावलेस', 'काय उजेड पाडलास!' यांत अंधाराचा उल्लेखही नाही, तरी ऐकणाऱ्याला तोच दिसतो.

शाळेत शिकवलेला व्याजस्तुती अलंकार आठवा. वरून स्तुती, आतून निंदा. परीक्षेपुरता पाठ केला, पण घरी आई रोज वापरायची. सकाळी नऊला 'उठलात का राजे?' असं कानावर आलं की अंथरूण आपोआप गोळा व्हायचं. आपल्या भाषेत तू-तुम्हीचा फरक असल्याने ही सोय फुकटात मिळते. एरवी 'तू' म्हणणारी आई 'तुम्ही' म्हणाली की समजायचं, आज खैर नाही.

तमाशातला सोंगाड्या याच भांडवलावर जगला. वगातल्या, म्हणजे तमाशातल्या नाटकातल्या, राजाची तो तोंडभरून तारीफ करतो, आणि राजा सोडून सगळा तंबू हसतो. गौळणीत, म्हणजे तमाशातल्या कृष्ण-गवळणींच्या भागात, गवळणींसोबतची मावशी तर देवालाही सोडत नाही.

मोबाईलवर मात्र पंचाईत. नुसतं 'हो का!' लिहिलं तर सूर कुठून आणायचा? परवा 'छानच हं' लिहिलं, तर भाचीने मनापासून धन्यवाद पाठवले.