मदत हवी आहे: रिपोर्टवर 'गॅमा ९६.४%', म्हणजे डोस कमी पडतोय का?

नमस्कार मंडळी,

वडिलांना घशाचा कॅन्सर आहे. आयएमआरटी (किरणोपचाराचा एक प्रकार) सुरू झालंय, ३५ फ्रॅक्शनमध्ये (हप्त्यांत) ७० ग्रे (किरणांच्या डोसचं एकक). फाइलमध्ये क्यूएचा, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा, एक कागद सापडला: 'पेशंट स्पेसिफिक क्यूए, ३%/३ मिमी, गॅमा ९६.४%, पास'. मग उरलेल्या ३.६ टक्क्यांचं काय? तेवढी गाठ सुटते की काय? डॉक्टर म्हणाले, "पास आहे ना, काळजी करू नका." ओपीडीतली गर्दी बघून पुढे विचारायचा धीर झाला नाही. त्यात परवा मशीन बंद, एक फ्रॅक्शन बुडालं. फिजिसिस्टना (किरणांचा डोस मोजून तपासणाऱ्यांना) भेटायची वेळ मिळाली आहे. नेमकं काय विचारू?

प्रतिसाद (मी मेडिकल फिजिसिस्ट आहे):

तो आकडा डोसचा नाहीच. तुमच्या वडिलांचा प्लॅन आधी टेबलावर पेशंटऐवजी डिटेक्टर ठेवून चालवतात आणि कित्येक बिंदूंवर मोजलेला डोस संगणकाच्या हिशेबाशी ताडतात. त्यातले ९६.४ टक्के बिंदू निकषात (डोसात ३ टक्के, जागेत ३ मिमीपर्यंतचा फरक) बसले; यालाच गॅमा म्हणतात. न बसलेले बऱ्याचदा कडेचे असतात, जिथे डोस झपकन उतरतो. ९५ च्या वर सहसा पुढे जातात, ९० च्या खाली गेला तर थांबून कारण शोधतात.

मी असतो तर गॅमा सोडून मशीनच्या आउटपुटबद्दल, म्हणजे मशीन ठरल्याइतकाच डोस सोडतं का, हे विचारलं असतं. ते रोज सकाळी तपासतात, फरक ३ टक्क्यांच्या आत हवा. महिन्याच्या तपासणीत २ टक्क्यांच्या. चेंबरच्या (डोस मोजणाऱ्या उपकरणाच्या) रीडिंगला त्या दिवशीच्या तापमानाची आणि हवेच्या दाबाची दुरुस्ती लावावी लागते. पुण्यात दाब मुंबईपेक्षा साधारण ६ टक्के कमी, म्हणजे एवढीशी दुरुस्ती राहिली तरी गणित तेवढंच चुकणार! आणि अशी चूक एका पेशंटची राहत नाही. १९८८ मध्ये इंग्लंडात एक्झिटरला नव्या कोबाल्ट सोर्सचं (किरणं देणाऱ्या स्रोताचं) कॅलिब्रेशन, म्हणजे डोसचं मोजमाप, चुकलं, २०७ जणांना सुमारे २५ टक्के जादा डोस गेला.

म्हणून सरळ विचारा: बाहेरच्या संस्थेकडून डोस ऑडिट शेवटचं कधी झालं, आणि निकाल ५ टक्क्यांच्या आत होता का? टपालाने टीएलडी (मिळालेला डोस नोंदवणारे छोटे डिटेक्टर) पाठवून हे ऑडिट करायची सोय १९६० च्या दशकापासून आहे. नीट चालणारा विभाग या प्रश्नावर चिडत नाही.

धागाकर्ता: धन्यवाद सर, जीवात जीव आला. बुडालेल्या फ्रॅक्शनचं?

फिजिसिस्ट: ते मात्र सोडू नका. घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबलेले चालत नाहीत. शनिवारी किंवा एकाच दिवशी किमान ६ तासांच्या अंतराने दोन फ्रॅक्शन देऊन भरून काढता येतं का, हे डॉक्टरांनाच विचारा, आणि याच आठवड्यात.